माणदेशातील डोंगरी घोडी : चालीची पारख आणि खरेदी-विक्री

सातारा जिल्ह्यातील माण तालुका व त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका हा माणगंगेच्या खोऱ्यातील कमी पावसाचा मुलूख खिलार बैलांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. बैलाची पारख कशी करावी, हे येथील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. परंतु याच मुलखात आणखी एक जनावर पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले आहे. ते म्हणजे धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारी लहानखुरी, काटक घोडी. तिच्या खरेदी-विक्रीत मात्र अद्याप रंग, भोवरे आणि उंची यांवरच सौदा ठरतो. ज्या गुणासाठी डोंगरी घोडी घ्यावयाची तो गुण, म्हणजे तिची चाल, सर्वांत शेवटी पाहिला जातो, व पुष्कळदा पाहिलाच जात नाही. यात घेणाऱ्याचे नुकसान होते हे उघड आहे. विकणाऱ्याचेही तितकेच नुकसान होते, हे सहसा ध्यानात येत नाही.

या घोड्यांचा लौकिक जुना आहे. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचे ते भीमथडीचे तट्टू. मराठ्यांच्या हलक्या व वेगवान घोडदळाचा मोठा भाग याच रक्ताच्या जनावरांवर उभा होता. साताऱ्यास राहिलेला कंपनी सरकारचा अधिकारी ग्रँट डफ याच्या मराठ्यांच्या इतिहासात (1826) भीमा, नीरा व माण या नद्यांच्या काठी निपजणाऱ्या घोड्यांची वाखाणणी आढळते. पुढे घोडदळ गेले, मोटारी आल्या, आणि या घोड्यांस आश्रय उरला तो मुख्यतः मेंढपाळांच्या वाड्यांचा. भीमथडी घोड्यास स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळण्यास मात्र 2023 साल उजाडावे लागले. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती व झंस्करी या सात जातींनंतर नोंद झालेली ही देशातील आठवी जात होय.

वाड्यावर घोडीचे काम काय, हे पाहिल्याशिवाय तिची किंमत समजत नाही. दसरा-दिवाळीनंतर मेंढपाळ कुटुंबे मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. काही बागायती पट्ट्यात जातात, काही सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी येतात. या काळात सारे बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असते : भांडी, धान्य, वाघूर, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे, आणि प्रसंगी लहान मूलही. घोडी घाटात लंगडली, तर केवळ एक जनावर अडत नाही. मुक्काम लांबतो, मेंढरे उपाशी राहतात, आणि ठरलेल्या शेतात मेंढरे बसविण्याचा वायदा मोडतो. म्हणून वाड्यावरील जाणती माणसे घोडी दिसण्यात कशी आहे यापेक्षा ती उतारावर पाय कसा टाकते, हे पाहतात. ही पारख लिहिलेली नाही. ती हल्लीच्या तरुणांस पूर्वीइतकी अवगत राहिलेली नाही, व बाजारात तर तिला विचारणारा क्वचितच भेटतो.

चाल म्हणजे काय

घोड्याची साधी चाल चार ठेक्यांची असते. चारही पाय एकामागून एक पडतात. वेग वाढला की बहुतेक घोडी दुडकी धरतात. दुडकीत पुढचा उजवा व मागचा डावा, नंतर पुढचा डावा व मागचा उजवा, असे तिरप्या जोडीने पाय पडतात. दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर चारही पाय अधांतरी असतात. प्रत्येक वेळी शरीर वर जाऊन खाली आदळते. स्वार रिकिबीत उठून-बसून हा धक्का चुकवू शकतो. पाठीवरची गोणी तसे करू शकत नाही. ती आपटते, तंग सैल होतो, पाठ घासली जाते व जखम होते.

काही घोडी मात्र वेग वाढला तरी दुडकी न धरता चार ठेक्यांची चालच जलद करतात. पाय सुटे-सुटे, पण झपाझप पडतात; कोणत्याही क्षणी निदान एक पाय जमिनीस टेकलेला असतो, म्हणून पाठ हलत नाही. या चालीस रवाल किंवा रेवाल म्हणतात. मारवाडी व काठियावाडी घोड्यांत ती विशेष नावाजलेली आहे. भरलेल्या पेल्यातील पाणी सांडू नये अशी तिची ख्याती सांगतात. अतिशयोक्ती वजा केली तरी म्हणण्यात तथ्य आहे. तिसरा प्रकार एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलण्याचा. उंट असा चालतो. असे घोडे सपाटीवर वेगवान वाटते, परंतु त्याचे शरीर दोन्ही अंगांस झुलते, आणि अरुंद पायवाटेवर उंच रचलेल्या ओझ्यासाठी ते बरे नव्हे. बाजारात हा प्रकार पुष्कळदा रवाल म्हणून खपविला जातो. डोळ्यांनी फरक कळला नाही तर कानांनी ओळखावा. कठीण जमिनीवर रवाल चालीचे चार ठोके वेगवेगळे ऐकू येतात, एकांगी चालीचे दोनच.

डोंगराळ मुलखात अशा चालीची घोडी जपण्याचा प्रघात जगभर आहे. आइसलँडमधील लहान घोड्याची टोल्ट चाल, पेरू देशातील पासो घोड्याची चाल, अमेरिकेच्या केंटकी प्रांतातील डोंगरी घोडा ही त्याची उदाहरणे होत. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील चामुर्थी घोडे खडतर वाटांवरील सुखद चालीसाठी ओळखले जातात व रामपूर येथे लवी यात्रेच्या सुमारास त्यांचा बाजार भरतो. 2012 साली स्वीडनमधील संशोधकांनी असे दाखवून दिले की, पुष्कळ चालबाज जातींच्या या गुणाचा संबंध एका विशिष्ट जनुकातील बदलाशी आहे. सर्व जातींची चाल या एकाच कारणाने येते असे नाही. तरीपण व्यवहारापुरता बोध असा की, चालीचा पाया बव्हंशी जन्मजात असतो, आणि शिकवण त्यावर कळस चढविते.

हे ध्यानात घेतले म्हणजे एक फसवणूक टाळता येते. एकाच बाजूचे पुढचे व मागचे पाय दोरीने जोडून, किंवा पायांत वजन अडकवून, साध्या घोड्यासही बाजारापुरती चाल लावता येते. ती मैदानात, ढोलकीच्या तालावर, परिचित हाताखाली टिकते. दोर सुटून महिना झाला की घोडे पुन्हा दुडकी धरते. यास्तव घोडी मोकळी सोडून, शक्य तर चरत असताना हाकून, ती स्वतःहून कोणती चाल धरते हे पाहावे. तिचे शिंगरू बरोबर असेल तर त्याच्याकडेही पाहावे. शिंगरास कोणी शिकविलेले नसते.

घोडी चालवून पाहण्याची जागा बाजाराचे मैदान नव्हे. तेथे जमीन तुडवून मऊ झालेली असते, आणि मऊ जमिनीवर अनेक दोष झाकले जातात. प्रथम डांबरी किंवा मुरमाड सडकेवर, सैल दोरीने, सरळ रेषेत जाता-येता चालवावी, मग हळू दुडकीत आणावी. पुढच्या पायात लंगडेपणा असेल तर दुखरा पाय टेकताना घोडी डोके वर उचलते व चांगला पाय टेकताना खाली झुकविते. दोरी आखडून धरली तर ही खूण दिसत नाही; म्हणूनच दोरी आखडून धरण्याचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्याबद्दल सावध राहावे. नंतर दगडगोट्यांच्या उतारावरून, पाठीवर नेहमीइतके ओझे ठेवून, खाली उतरवावी. चांगली डोंगरी घोडी मान खाली घालते, वाट हुंगल्यासारखी पाहते, मागचे पाय पोटाखाली घेते व पाय ठेवण्यापूर्वी जागा चाचपते. घाईने उतरणारी, मान वर ठेवून कडेकडेने सरकणारी घोडी रिकाम्या पाठीने कितीही डौलदार दिसो, वाड्याच्या कामाची नव्हे. ओझे उतरविल्यावर पाठीवरून तळहात दाबून फिरवावा. पाठीवर किंवा तंगाच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तेथे पूर्वी जखमा होऊन बऱ्या झाल्या आहेत असे समजावे. एखाददुसरा ठिपका कामाची खूण आहे. पाठभर ठिपके असणे ही बेफिकीर मालकाची किंवा ओबडधोबड चालीची खूण होय.

ओझ्याची मर्यादा हा केवळ दयेचा प्रश्न नाही. ओझी वाहणाऱ्या जनावरांविषयीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तट्टाच्या पाठीवर 70 किलोपेक्षा अधिक भार घालता येत नाही. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक व विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. तापमान 37 अंशांच्या वर गेले असता दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर कामास लावू नये, असेही त्यांत सांगितले आहे. माणदेशातील उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शेवटच्या अटीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

दात आणि वय

घोड्याचे वय खालच्या जबड्यातील पुढच्या सहा दातांवरून पाहतात. दुधाचे दात लहान, पांढरे व मुळाशी निमुळते असतात. सुमारे अडीच वर्षांचे असताना मधली जोडी पडून पक्की येते, साडेतीन वर्षांच्या सुमारास तिच्या बाजूची, आणि साडेचार वर्षांच्या सुमारास कडेची. पाच वर्षांचे घोडे, बैलाच्या भाषेत बोलावयाचे तर, जुळते. नरास चार-पाच वर्षांच्या वयात सुळे येतात. घोडीस ते बहुधा नसतात. यापुढे दातांच्या माथ्यावरील काळसर खळगे झिजू लागतात : मधल्या जोडीचे सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुसऱ्या जोडीचे सातव्या, कडेच्या जोडीचे आठव्या. त्यानंतरचा अंदाज कठीण असतो. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी रेघ दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यापर्यंत व विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. वय वाढेल तसे दात पुढे झुकतात. हे सर्व आकडे सुमाराचे आहेत. खडकाळ रानातील आखूड गवतावर वाढलेल्या जनावराचे दात लवकर झिजतात, हे विसरू नये.

काही व्यापारी म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत कोरून व डागून खोटे खळगे तयार करतात. खळगा आहे पण दात लांब व पुढे झुकलेले आहेत, असा विसंगत देखावा दिसला की डाव ओळखावा. डोंगरी घोडी म्हातारी म्हणून एकदम टाकाऊही समजू नये. बारा वर्षांची, पायांनी शाबूत, घाट पाठ असलेली घोडी ही पाच वर्षांच्या बुजऱ्या घोडीपेक्षा नवख्या घरी अधिक उपयोगी पडते. मात्र ती बारा वर्षांची म्हणून घ्यावी, सात वर्षांची म्हणून नव्हे.

रंग व भोवरे यांविषयी थोडे सांगणे भाग आहे. पंचकल्याणी, नुकरा, अबलख अशा रंगांना आणि देवमणासारख्या भोवऱ्यांना लग्नाच्या वरातीत व हौशी ग्राहकांत भाव येतो. विकणाऱ्याने तो घ्यावा, त्यात गैर काही नाही. परंतु अशुभ मानलेल्या एका भोवऱ्यापायी पायांनी निर्दोष व चालीने उत्तम घोडी निम्म्या किमतीत जाते, हे बाजारात नेहमी दिसते. ज्याला ओझ्यासाठी घोडी हवी आहे त्याच्या दृष्टीने तो भोवरा म्हणजे सवलत होय.

बाजार आणि सौदा

खरसुंडी, म्हसवड, पुसेगाव येथील यात्रा प्रामुख्याने बैलांच्या आहेत. घोड्यांसाठी माणदेशातील माणसास शेजारच्या माळशिरस तालुक्यातील अकलूजचा दिवाळीच्या सुमाराचा बाजार जवळ पडतो. येवल्याचा आठवडे बाजारही जुना आहे. मोठे बाजार मार्गशीर्षात येतात : तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत, आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावास खंडोबाच्या यात्रेत. याच महिन्यात शुद्ध प्रतिपदेस म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. तेव्हा वाडा बहुधा वाटेवर असतो आणि घोडीची गरज सर्वाधिक असते. परिणामी मेंढपाळ बाजारात जाण्याऐवजी वाड्यावर आलेल्या व्यापाऱ्यास जनावर विकतो, व बाजारभाव काय आहे याची त्यास कल्पना नसते.

डोंगरी चालीच्या घोड्यास गिऱ्हाईक नाही, असे समजणे चूक आहे. माथेरानला मोटारींस मज्जाव असल्याने माणसे व सामान नेण्यासाठी घोडी लागतात. महाबळेश्वर व पाचगणी येथे पर्यटकांना बसविण्यासाठी शांत स्वभावाची, पाठ न हलविणारी, लहान बांध्याची घोडी हवी असतात. जो पहिल्यांदाच घोड्यावर बसतो आहे त्यास दुडकीचा धक्का सोसत नाही. म्हणजे वाड्यावर जो गुण गोणीसाठी पारखला गेला, त्यालाच येथे दाम मिळते. विक्रेत्याने आपले जनावर या कामास योग्य आहे हे चालवून, लहान मुलास बसवून, दाखवावे. यात्रेपूर्वी अंगावर मांस दिसावे म्हणून एकाएकी हरभरा किंवा ज्वारी भरपूर चारण्याची चाल मात्र घातक आहे. त्यामुळे पोटशूळ उठतो, खुरांच्या आत दाह होऊन घोडी कायमची अधू होते, आणि प्रसंगी दगावतेही. खुराक वाढवावयाचा तर दोन-तीन आठवड्यांत थोडा-थोडा वाढवावा.

येथे सर्वांत नाजूक प्रश्न उपस्थित होतो. व्यापारी वाड्यावर येतो तेव्हा सर्वांत चांगल्या चालीची घोडी मागतो व तिलाच दर देतो. लग्न, आजारपण, दुष्काळ अशा अडचणीत ती दिली जाते, आणि वाड्यावर उरते ती दुय्यम घोडी. पुढची शिंगरे तिची. असे दोन-तीन पिढ्या घडले की चाल वाड्यातून नाहीशी होते, आणि नंतर कितीही पैसे टाकले तरी विकत मिळत नाही. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिने. वर्षाला एक शिंगरू मिळाले तरी पुष्कळ. यावर उपाय एवढाच की, नर शिंगरे विकावीत, चालीची घोडी ठेवावी; आणि तिला विकणे अटळच झाले तर तिची एक मादी शिंगरी मागे राहील असे पाहावे. वळूची निवडही अशीच जाणीवपूर्वक व्हावी. जवळ मिळाला म्हणून उंच, चालीचा ठाव नसलेला वळू लावला तर शिंगरू देखणे होईल, पण घाटाचे राहीलच असे नाही. भीमथडी जातीस मान्यता मिळाल्यानंतर अस्सल जनावरांना मागणी वाढण्याचा संभव आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोणत्या वाड्यावर कोणती घोडी आहे, तिची आई व वळू कोणते, चाल कोणती, याची साधी वही ठेवली तर ती नोंद विक्रीच्या वेळी मालकाच्या उपयोगी पडेल.

सौदा अजूनही बहुधा उपरण्याखाली बोटे दाबून होतो. भाव गुप्त ठेवण्यासाठी ही रीत दलालास सोयीची आहे. मूळ मालकास व खऱ्या गिऱ्हाइकास एकमेकांचा आकडा कळत नाही. निदान दोन ठिकाणी भाव काढल्याशिवाय हात देऊ नये. सौद्यानंतर कागद करावा. त्यात घोडीचा रंग, अंगावरील खुणा, अंदाजे वय, किंमत, दोन्ही पक्षांची नावे व साक्षीदार यांबरोबर विकणाऱ्याने दिलेली हमीही लिहावी : लंगडत नाही, चावत नाही, लाथ मारत नाही, गाभण आहे किंवा नाही. 1930 च्या माल विक्री कायद्यात जनावरांची विक्रीही येते. परंतु पाहून घेतलेल्या मालाच्या दोषाबद्दल नंतर तक्रार करणे अवघड असते, आणि तोंडी शब्द सिद्ध करणे त्याहून अवघड. शक्य असल्यास घोडी एक रात्र आपल्या मुक्कामी बांधून घ्यावी. वेदनाशामक औषध टोचून लंगडेपणा दडविला असेल तर तो बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत उघडा पडतो. हवा ओढण्याची किंवा रात्रभर डुलत राहण्याची खोड असेल तर तीही कळते.

रक्ततपासणी

कितीही चांगली चाल असली तरी एका गोष्टीशिवाय घोडी घरी आणू नये. ग्लँडर्स हा घोडे, गाढव व खेचर यांना होणारा जिवाणूजन्य रोग असून तो माणसासही होतो व प्राणघातक ठरू शकतो. 2006 साली महाराष्ट्रात त्याने पुन्हा डोके वर काढले, आणि त्यानंतर देशाच्या निरनिराळ्या भागांत तो वेळोवेळी आढळला आहे. नाकातून चिकट, पिवळसर स्राव, नाकपुडीच्या आत व्रण, जबड्याखाली गाठ, पायांच्या आतील बाजूस ओळीने फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे होत. परंतु काही जनावरे बाहेरून निरोगी दिसूनही रोग बाळगतात. म्हणूनच केवळ पाहून भागत नाही. रक्त तपासावे लागते. या रोगावर लस नाही. 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार संशय येताच पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. रोग निश्चित झाल्यास जनावर नष्ट करावे लागते व त्याबद्दल मालकास भरपाई देण्याची तरतूद आहे. भरपाईची माहिती नसल्याने काही मालक आजारी घोडे गुपचूप दूरच्या बाजारात विकतात. त्याने रोग एका वाड्यावरून दहा वाड्यांवर जातो.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ताचा नमुना पाठविता येतो. तपासणीचा निकाल येईपर्यंत, व त्यानंतरही निदान तीन आठवडे, नवी घोडी इतर घोड्यांपासून दूर बांधावी. तिची बादली, तोबरा, खरारा व पाठीवरची झूल वेगळी ठेवावी. सामाईक हौदावर तिला पाणी पाजू नये. तिची निगा ठेवणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, आणि हातावर जखम असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्यावे. याच मुदतीत धनुर्वाताची लस टोचून घ्यावी, खूर साफ करून नालबंदाकडून नाल तपासावेत, आणि जुन्या मालकाकडे ती काय खात होती हे विचारून तोच चारा काही दिवस चालू ठेवावा. कडब्यावर वाढलेल्या घोडीस ओल्या लसूणघासाची सवय हळूहळू लावावी लागते.